उसना आवाज

जालन्याच्या त्या कॉलेजात मार्तंड सरांचं भाषण ऐन रंगात आलं होतं. "अमेरिकेच्या सिनेमात काळी माणसं दाखवायची, तर गोऱ्या नटांच्या तोंडाला काळं फासायचे! काळ्यांचं गाणं हवं, हसणं हवं, फक्त चेहरा नको. मग तो काळा माणूस स्वतःलाही गोऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात मागे लॅपटॉप सांभाळत उभ्या असलेल्या धम्मपालनंही वाजवल्या. काय करणार, भाषण त्याला मनापासून पटलं होतं.

आता सरांचीच शॉर्टफिल्म दाखवायची होती. खेड्यातून शहरात आलेल्या पोराची गोष्ट. ती भूमिका धम्मपालची. सगळे संवाद त्याला पाठ. पण चार दिवस शूटिंग झाल्यावर सर म्हणाले, "तुझा चेहरा कॅमेऱ्यात उठून दिसत नाही रे. आवाज मात्र अस्सल." मग त्याच्याच वर्गातल्या निखिलला उभं केलं. निखिल गोरापान, पण ती बोली काही त्याच्या जिभेवर बसेना. म्हणून ओठ निखिलचे आणि बोलणं धम्मपालचं, असं डबिंग झालं.

हे घरी सांगायची धम्मपालची छाती झाली नाही. आणि आज त्याची आई, सगुणाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून अंकुशनगरहून एसटीनं आली होती. "माझं पोरगं हिरो हाय," असं शेजारच्या बाईला सांगून ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

दिवे गेले. पडदा अजून काळाच होता. त्या अंधारात आधी नुसता आवाज आला, "माय, कुठं हाईस?"

सगुणाबाई ताडकन उभी राहिली. "हितं हाय रे, लेकरा! हितं!"

सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. पडदा उजळला आणि त्यावर निखिलचा भला मोठा चेहरा आला. सर माईकवरून म्हणाले, "बसा मावशी, पिक्चर आहे." हसू आणखीच वाढलं.

निखिल धम्मपालच्या शेजारीच उभा होता. हसू दाबत त्यानं विचारलं, "कोणाची आई रे ती?"

धम्मपालनं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. आईची त्याला लाज वाटली, आणि तशी वाटल्याची त्याहून जास्त.

"माहीत न्हाई," तो म्हणाला.

पडद्यावर निखिलचे ओठ पुन्हा हलले. "माय, कुठं हाईस?"

या खेपेला सगुणाबाईनं ओ दिली नाही.