बद्द आवाजाची घंटी

“भिंतीकडे तोंड करा, जेठू. घंटी ऐकू आली की हात वर करायचा,” शेफाली निवारणबाबूंच्या कानाशी वाकून म्हणाली.

हारुणच्या सायकलच्या दुकानात निवारणबाबू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर टायर टांगलेले होते. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं वाटलं त्यांना.

अकरा दिवसांपूर्वी चूर्णी नदीच्या बांधावर शेफालीच्या सायकलचं हँडल त्यांच्या पाठीत लागलं होतं. ती शेजारची मुलगी, लहानपणापासून त्यांना जेठू, म्हणजे मोठे काका म्हणणारी, आता गावची आशा सेविका. पलीकडच्या वस्तीत जायला तिला रोज बांधावरूनच जावं लागे. तिने तीनदा घंटी वाजवली होती आणि निवारणबाबू वाटेच्या मधोमध चालत राहिले होते. खरचटण्यावर निभावलं. पण दुर्गापूरहून मुलाचा फोन आला, की आता बांधावर पाय ठेवायचा नाही, नाहीतर इकडे येऊन राहा. तेव्हापासून ते घरात बसून होते. बांधाच्या टोकाला चहाची टपरी होती, तिथे चार ओळखीची माणसं होती, आणि तिथे जायला वाट ती एकच.

“जेठीमा होत्या तेव्हा असं कधी झालं नाही,” शेफाली निवारणबाबूंच्या वारलेल्या बायकोबद्दल हारुणला सांगत होती. “मागून सायकल आली की त्या यांची डावी बाही धरून ओढायच्या. यांना ऐकू येत नाही हे आम्हाला कुणाला कळलंच नाही. यांना तरी कुठे माहीत होतं.”

मासेवाला गदाई पंक्चर काढायला आला होता. तो स्टुलावर बसून बिडी ओढत होता. “तुझी घंटी कशाला बदलतेस, शेफाली? निवारणदांच्याच गळ्यात एक बांध. गाईला बांधतात तशी.”

गदाईचा आवाज जाड. तो भिंतीपर्यंत नीट पोहोचला. “आधी तुझ्या तोंडाला बांध,” निवारणबाबू न वळता म्हणाले.

हारुणने नवी कोरी घंटी काढली. वाजवली. चांगली खणखणीत वाजली, दाराशी झोपलेल्या कुत्र्याने कान टवकारले. निवारणबाबूंचा हात खालीच राहिला. दुसरी त्याहून जोरात वाजली. तिसरी बॅटरीवरची होती, तिच्या किंचाळण्याने समोरचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला. निवारणबाबू टायरांकडे बघत उभे होते.

मग त्यांनी हात वर केला.

कुणीच काही वाजवलं नव्हतं. हारुण खोक्यात हात घालून चौथी घंटी शोधत होता.

गदाईला हसू आलं. ते त्याने अर्ध्यावरच गिळलं.

“वाजली ना?” निवारणबाबूंनी विचारलं.

थोड्या वेळाने त्यांनी हात आपणच खाली घेतला.

“चल, घरी जाऊ या, पोरी,” ते म्हणाले. “दुर्गापूरही काही वाईट नाही.”

शेफालीने त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना तसंच उभं ठेवलं. हारुणने बाकाखालचा पत्र्याचा डबा ओढला. जुन्या सायकलींच्या उतरवलेल्या वस्तू त्यात पडल्या होत्या. त्याने एक मोठी घंटी काढली. तिची वाटी आमटीच्या वाटीएवढी होती आणि कडेला गंजली होती. एका दूधवाल्याच्या सायकलची.

“ही कुणी घेत नाही,” हारुण म्हणाला आणि त्याने खटका दाबला.

बद्द आवाज आला. शेजारच्या घरात कुणी झाकणावर पळी आपटावी तसा.

“घंटी आहे का पातेलं?” गदाई म्हणाला.

निवारणबाबूंनी हात वर केला नाही. ते एक पाऊल डावीकडे सरकले. मग थांबले आणि त्यांनी आपल्या डाव्या बाहीकडे बघितलं. जवळ कुणीच नव्हतं. शेफाली आता हारुणपाशी उभी होती.

“परत वाजव,” ते म्हणाले.

हारुणने वाजवली. ते आणखी एक पाऊल सरकले आणि टायरांना टेकले.

शेफालीने आपल्या सायकलची चांगली घंटी काढून टाकली. हारुणने तिथे ती गंजकी घंटी बसवली, स्क्रू आवळला, हलवून बघितली. निवारणबाबू जवळ येऊन उभे राहिले.

“मी चिडायचो तुझ्या जेठीमावर,” ते म्हणाले. “म्हणायचो, सोड, बाही फाटेल. तीस वर्षं म्हणत आलो.”

त्यांनी घंटीवर तळहात ठेवला. मग तोच हात शेफालीच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. तिने मान खाली केली.

गदाईचं पंक्चर निघालं होतं. माशांची टोपली मागे बांधून झाली होती. तरी तो निघेना.

“हारुण, तसली आणखी एक आहे?”

“एकच होती.”

“मीही रोज बांधावरूनच जातो,” गदाई म्हणाला. “डबा सरकव इकडे.”

तो डब्यापाशी उकिडवा बसला. एकेक घंटी उचलून अंगठ्याने वाजवू लागला आणि खणखणीत वाजेल ती बाजूला टाकू लागला. निवारणबाबूंना त्यांतली एकही ऐकू येत नव्हती. पण गदाईचा अंगठा हलताना त्यांना दिसत होता, आणि ते तो बघत उभे राहिले.