श्वास धरा

कॅन्सरच्या उपचारात डाव्या छातीवर किरण सोडताना हृदय भाजू नये, म्हणून व्हर्नाला श्वास भरून धरायला शिकवलं होतं. फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं.

"धरा, धरा, सोडू नका!" काचेपलीकडून मशीनवरची मुलगी माइकवर म्हणाली. "काय दम आहे हो तुमचा!"

"शाळेच्या बँडात ट्यूबा, तो भलामोठा पितळी कर्णा, फुंकलाय, पोरी," श्वास सोडल्यावर व्हर्ना म्हणाली.

बाहेर विनिपेगच्या थंडीत, तिच्याच पिकअपला टेकून ड्वेन उभा होता. गाठ सापडली त्याच आठवड्यात घर सोडून गेलेला नवरा. हातात डोनटचा खोका.

"झालं गेलं सोड ना, व्हर्ना. अशा आजारपणात तुला कुणीतरी लागणारच. येऊ का घरी?"

त्याचे डोळे भरून आले होते. व्हर्नाने तोंड मिटून खोल श्वास घेतला आणि धरून ठेवला.

"अगं, बोल की काहीतरी! काळीज आहे की नाही तुला?"

तिने सावकाश श्वास सोडला, त्याला हाताने दूर केलं आणि गाडीचं दार उघडलं.

"आहे की. तेच जरा बाजूला घेत होते."