करामत

रोपं वाढवायचा एलईडी दिवा बायकोनंच घरी जोडला होता. एलईडीच्या पट्ट्यांना झेपेल तेवढीच वीज देणारा ड्रायव्हर तिनं शोधला, वायरी तिनं सोल्डर केल्या, पट्ट्या तापू नयेत म्हणून मागे पंखाही तिनंच बसवला. नवरा मात्र आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचा, "आपल्या हातची करामत आहे!"

घटस्फोट ठरला आणि दोन्हीकडची माणसं वाटणीला बसली.

"दिवा मी बनवलाय. तो मीच नेणार, रोपंही माझीच," नवरा गुरगुरला.

तिचा भाऊ उसळला. तिनं त्याला डोळ्यांनीच दटावलं, उठून दिव्याचा भाग न् भाग सुटा करून खोक्यात भरला आणि तो खोका नवऱ्यापुढे आदळला.

"घे बाबा. ने तुझी करामत."

आठवडाही उलटला नाही तोच त्याचा फोन आला. "सटवे, मुद्दाम काहीतरी काढून ठेवलंस ना? जोडून बटण दाबलं आणि सगळ्या पट्ट्या जळाल्या! रोपांनी माना टाकल्यात इथे!"

तिनं त्याला पोटभर ओरडू दिलं.



मग शांतपणे म्हणाली, "खोक्यात सगळं होतं रे. फक्त बनवणारी तेवढी नव्हती."