रंगवलेला गोटा

कुंड्यांमधली विंटर डॉन जातीची स्ट्रॉबेरी पिकली की बुलबुल टोचायचे. म्हणून सेवकराम गुरुजींनी गल्लीतल्या मुलांना युक्ती शिकवली: फळं पिकण्याआधीच लाल रंगवलेले गोटे रोपांत ठेवायचे, चोच आपटली की पाखरं खऱ्या फळांचाही नाद सोडतात. आज शेजारची दुर्गेश्वरी एका कुंडीपुढे डोकं टेकून बसली होती. तिची लेक नागपूरला दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर होती. “हा देव द्या जी, गुरुजी. पोरीच्या उशाले ठेवतो. नागऱ्याचं देऊळ झालं, कचारगडची जत्रा झाली.” दगडाला देव म्हणू नका, हेच गुरुजींनी जन्मभर शिकवलं होतं. “बाई, पाखरं फसवाले पोरांनी रंगवलेला गोटा आहे तो.” “मालूम आहे जी.” तिनं गोटा मुठीत घट्ट धरला. “पाखरायले फसवता, तं आजच्या दिवस मले बी फसवा ना.” गुरुजी म्हणाले, “घेऊन जा, बाई. जागृत देव आहे.”