उलटा जोर

"ताई, तबकडी!"

दिवसभरात भाऊ बहिणीशी एवढंच बोलायचा. तेही गाडी बाहेर काढायची असेल तरच.

आज शेवटची हाक. जीप त्याची स्वतःची होती. मागे पाने, जॅक, वेल्डिंगचं सामान खच्चून भरलेलं. हमरस्त्याला त्याने नवी शेड घेतली होती. पत्र्याची, पण ऐसपैस. गाडी हवी तशी वळवा.

इथे कुठलं वळवताय! मोटारींची नवलाई होती तेव्हा आजोबांनी ही इमारत बांधली. दारावर सिमेंटचं पंखवालं चाक, पुढे गोलाकार काचेचं विक्रीदालन, मागे बोळाएवढं गॅरेज. म्हणून दालनाच्या काळ्या-पांढऱ्या फरशीत ही गोल फिरणारी लोखंडी तबकडी. गॅरेजमधून गाडी मागे घेत तिच्यावर आणायची, दोघांनी ढकलायची, की तोंड रस्त्याकडे.

दालन ताईच्या वाट्याचं. तिथे ती सीटकव्हरं शिवायची. गॅरेज त्याच्या वाट्याचं. विकून टाकू, तो म्हणाला होता. आधी मला विक, ती म्हणाली होती. तेव्हापासून अबोला. तो गेला की एकटी ताई ही इमारत कुठवर सांभाळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ताईने बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं. जीप तबकडीवर आली. तो बॉनेटशी. ती मागे.

हं.

पाव फेरा. नेहमीसारखाच घाम काढणारा.

"आज तरी सरळ चाल गं बये," तो तबकडीवर खेकसला.

ताईने नाक पुसायला हात काढला आणि तबकडी सुळकन फिरली. तो तोंडावर आपटता आपटता वाचला.

अर्धा फेरा. जीप रस्त्याकडे तोंड करून उभी.

तो तबकडीकडे बघत राहिला.

"ही एवढी हलकी?"

"बाबांनी जायच्या आधी बेअरिंग बदललं होतं."

"मग रोज जड कशी लागायची?"

"मी उलटा जोर लावायचे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"हलकी लागली असती, तर हाक मारली असतीस मला?"

बाहेर रस्ता मोकळा होता. किल्ली खिशात होती. तो जीपपाशी गेला, दाराला हात लावला.

थांबला.

वळून बॉनेटला खांदा दिला. एका बोटाने फिरली असती.

"ये की गं, ताई. परत आत वळवायचीय. एकट्याला कुठे हलतेय ही!"