नव्वद धडे पूर्ण

उज्ज्वलाबाईंनी दारातच चपला काढल्या आणि मागून येणाऱ्या भूपेंद्रला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. बमरोलीच्या वस्तीतल्या त्या एवढ्याशा खोलीत त्यांच्या शाळेतल्या मनीषाचा बाप भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"रातपाळी करीसन येल शेत," मनीषाची आई मंदा कुजबुजली. "हळू बोला बाई."

भूपेंद्र टॅबलेटवाल्या कंपनीचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गुंडाळी केलेलं प्रशस्तिपत्र. वाचनाचे धडे भरलेले टॅबलेट शाळेने जूनमध्ये पोरांना घरी दिले होते आणि त्यात चौथीतली मनीषा पहिली आली होती. रोजचे पाच तास, नव्वद धडे पूर्ण! तिचा फोटो काढून त्याला साहेबांना पाठवायचा होता.

बाईंच्या डोक्यात सकाळपासून तिडीक होती. याच आकड्यांच्या जोरावर शाळेत पत्र आलं होतं: मुलं टॅबलेटवर शिकत आहेत, सबब सकाळी सातचा जादा वाचनवर्ग सोमवारपासून बंद. बाई स्वतः घेत त्या वर्गात बाराच पोरं, आणि त्या बारांत सगळ्यात कच्ची मनीषा. जोडाक्षर दिसलं की पोरीला घाम फुटायचा. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, या भूपेंद्रला सांगितलं, दोनदा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी! "मॅडम, आकडा खोटं नाही बोलत," असं तो आत्ता रिक्षातसुद्धा म्हणाला होता.

टॅबलेट फरशीवर उताणा पडला होता. त्याच्यावर पांढऱ्या जॉर्जेटची साडी ताणून धरलेली. मंदा पुन्हा कामाला बसली. संध्याकाळी तयार साड्यांचा गठ्ठा न्यायला माणूस येणार होता. ती साडीवरच्या फिकट टिपक्यांना गोंद लावत होती आणि मनीषा त्यावर एकेक खडा बसवत होती. साडीखाली पडद्यावर एक ससा तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज बंद.

"हे काय गं मंदा?"

"खालतून उजेड पडस ना बाई, मंग टिपका बरोबर दिसस," मंदा अगदी मोकळेपणाने म्हणाली. "नुसता ठेवा तं उजेड इझी जास. धडा लावेल ऱ्हायना का चालूच ऱ्हास."

"आणि आवाज?"

मंदाने झोपलेल्या नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

तेवढ्यात पडद्यावर सशाचा काहीतरी प्रश्न उमटला. कुणी पाहिलंही नाही. थोडा वेळ वाट बघून टॅबलेटने आपलं आपणच उत्तर दाखवलं आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, हिरवं बटण लुकलुकलं. मान वर न करता मनीषाने साडीखाली हात सरकवला आणि ते दाबलं. पुढचा धडा सुरू झाला. एक्क्याण्णव.

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! मंदावर चिडावं तरी कोणत्या तोंडाने? बाईंनी भूपेंद्रकडे पाहिलं. तो साडीखालच्या सशाकडे टक लावून बघत होता. चला, याच्या डोक्यात काहीतरी शिरलं म्हणायचं, असं त्यांना वाटलं.

भूपेंद्रने खिशातून मोबाइल काढला आणि तो मंदाकडे वळला. "बेन, एक फॉर्म भरायचा आहे. टॅबलेटमध्ये काय सुधारणा पाहिजे तुम्हाला?"

मंदाने खरोखर विचार केला. "उजेड थोडा जास्ती पाह्यजे."

आणि त्याने ते लिहून घेतलं!

बाईंच्या अंगाची लाही झाली. पण ओरडायचीही चोरी. त्या दबक्या आवाजातच भडकल्या. "उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही लोक! टॅबलेट वाटण्याआधी एका तरी घरात येऊन बसला होतात का?"

"आज आलो ना, मॅडम."

"मग जे दिसलं ते लिहा. पोरीने एक अक्षर वाचलेलं नाही, हे लिहा."

"फॉर्ममध्ये त्याला जागा नाही."

"आणि माझा वर्ग?"

"ते माझ्या हातात नाही." त्याने नजर चुकवली. "फक्त फोटो घेतो, मॅडम. मग निघू."

बाईंनी त्याच्या हातातलं प्रशस्तिपत्र ओढून घेतलं, उलगडलं आणि मनीषापुढे धरलं. "हे तुझं आहे, बाळ. वाचून दाखव सरांना."

मनीषाने गोंदाचे हात फ्रॉकला पुसले. स्वतःचं नाव तिने झटकन वाचलं आणि हसली. भूपेंद्रही हसला. नावाखाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती: उत्कृष्ट वाचनाबद्दल.

"उ..." मनीषा म्हणाली. मग थांबली. "उ..."

बाईंनी मुद्दाम पुढचं अक्षर सुचवलं नाही. मंदाचा हात थांबला. मनीषाच्या कपाळावर घाम आला. थोडा वेळ तिने नुसतीच वाट बघितली. मग तिचं बोट हळूच कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली गेलं आणि तिने तिथे दाबलं. पुन्हा दाबलं, जरा जोरात.

तिने भूपेंद्रकडे पाहिलं आणि बापाची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"सर, हे पुढे जातच नाही."