सोबत आलेली व्यक्ती

"कात्री, तलाव, पितळ, खांदा, जांभळा." बापाने पाचही शब्द एका दमात सांगितले आणि हात मांडीवर ठेवून तो ताठ बसला.

"वा! पाच मिनिटांनंतरही पाचच्या पाच," डॉक्टर म्हणाले. "इथे पंचविशीतल्या पोरांच्या चौथ्या शब्दाला तोंडाला फेस येतो."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. बापाला काहीही आठवलेलं नव्हतं. ते शब्द त्याला पाठ होते, आणि पाठ तिनेच करून घेतले होते.

मुलगी विद्यापीठात न्यूरोसायन्स शिकत होती. शाळा संपल्यावर सलग पाच वर्षं आणि थेट मास्टर्सची पदवी. नातेवाइकांना हे कोडं कधी सुटलं नाही. पाच वर्षं मेंदू शिकायचा आणि शेवटी डॉक्टर व्हायचं नाही, म्हणजे विहीर खणायची आणि पाणी लागायच्या आधीच वर यायचं, असं काका म्हणायचा. बाप मात्र तिला कौतुकाने 'मेंदूवाली' म्हणायचा. दुसऱ्या वर्षाला ही स्मरणशक्तीची चाचणी शिकवली, तेव्हा सरावाला तिला कोणीतरी हवं होतं. बाप एका पायावर तयार होता. मग प्रत्येक सुट्टीत तोच कागद, तेच पाच शब्द, तेच घड्याळाचं चित्र, तेच शंभरातून सात-सात वजा करत जाणं. एकाच माणसावर तीच यादी पुन्हा वापरायची नाही, नाहीतर स्मरण राहतं बाजूला आणि पाठांतर मोजलं जातं, हे परीक्षेत लिहून तिने पैकीच्या पैकी गुण घेतले होते. घरचा माणूस तिने त्यात धरलाच नव्हता.

बाप शाळेची बस चालवायचा. तीन आठवड्यांपूर्वी फेरी संपवून त्याने बस आवारात लावली, दाराला कुलूप घातलं आणि घरी येऊन जेवला. शेवटच्या बाकावर पहिलीतली एक पोर झोपून राहिली होती. बसमधून उतरण्याआधी मागपर्यंत चालत जाऊन एकेक बाक बघायचं, हे तो तीस वर्षं करत आला होता. त्या दिवशी विसरला. दोन तासांनी गाड्या धुणाऱ्याला काचेवर हात दिसले. पोर वाचली, पण रडून रडून तिचा आवाज गेला होता. मालकाने डॉक्टरांचं पत्र मागितलं. घरातलं कोणीतरी सोबत हवं, असंही बजावलं.

एवढंच असतं तर एक चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण कालच ती बसमध्ये चढली होती आणि स्टिअरिंगच्या वर चिकटवलेली कागदाची पट्टी तिने पाहिली होती. बापाच्या अक्षरात रस्ता लिहिलेला होता. पंपानंतर डावीकडे. औषधाच्या दुकानापाशी थांब. अकरा वर्षं त्याच रस्त्यावरून बस नेणाऱ्याला ही पट्टी कशाला लागते, हे कळायला विद्यापीठात जावं लागत नाही. ती रात्रभर तळमळली. मग डॉक्टरांकडे सगळं आपोआप बाहेर येईल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, या भरवशावर ती इथे आली. डॉक्टर नेमका तोच कागद काढतील, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "झकास! सोमवारपासून गाडी न्या. हा एक रकाना राहिला बघा. ही चाचणी याआधी कधी केली होती का?"

बापाने मान वळवून मुलीकडे पाहिलं. ओठ जरासे उघडले आणि पुन्हा मिटले.

जन्मात कधी त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. बाप आपल्याकडे काहीतरी मागतोय, हे तिला दिसलं, आणि काय मागतोय तेही कळलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्या माणसाचं डोकं आता साथ देत नाही, हे त्याच्या तोंडावर, परक्यासमोर, त्याच्याच मुलीने सांगायचं? तिचा जीव तुटला. त्यापेक्षा रविवारी घरी बसून त्याला समजावू, रजा टाकायला लावू, असं तिने स्वतःला पटवलं. पटवायला फार वेळ लागला नाही.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मग इथे सही करा. सोबत आलेली व्यक्ती."

तिने सही केली. डॉक्टरांनी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाप पायऱ्या उतरून फुटपाथवर आला आणि कागद हातात धरून उभाच राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय हो बाबा, पास झालात की!" ती उसनं हसत म्हणाली. "मेंदूवालीचा पहिला विद्यार्थी पास झाला."

तो हसला नाही.

"चुकायचं ठरवून आलो होतो गं," तो म्हणाला. "पण त्यांनी विचारलं आणि शब्द तोंडातून भडाभडा बाहेर पडले. नंतर सांगायला गेलो, तर जीभ रेटेना. तीस वर्षं चालवली बस. कसं सांगू?"

तिने त्याचा दंड धरला.

"तुझी आई यायला तयार होती," बाप कागदाची घडी घालत म्हणाला. "पण ती माझ्यासाठी खोटं बोलली असती. म्हणून तुला आणलं."